मोहितेकाका, ओळ एकतीस अजून उघडी आहे

शनिवार, १७ नोव्हेंबर २०१८. सेंदाईचं स्मशानगृह. सकाळी साडेदहा.

हजर: कोन्नो-सान, वय शहात्तर, अंगाला सैल झालेला काळा सूट. केतकी, तुमची शेवटची विद्यार्थिनी, डोळे सुजलेले. तुमच्या घरमालकीणबाई, हातात जपमाळ. मी, मेधा, टोकियोतल्या फुनाबोरीहून निघून सकाळच्या पहिल्या शिंकान्सेनने.

गैरहजर: तुमची बहीण, पुणे. व्हिसा सोमवारच्या आत मिळेना. हौसाआक्का, सातारा जिल्हा. कळवलेलं नाही.

बहिणीसाठी थांबलो असतो, काका, पण रविवारी इथे तोमोबिकी. गेलेला माणूस मित्राला ओढून सोबत नेतो असा तो दिवस, त्यामुळे स्मशानगृह बंद. केतकीने हे समजावून सांगितलं तेव्हा तुमचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. ‘एक दिवस थांबवलं असतंत तर मी हवालदारीणबाईलाच नेलं असतं.’ म्हणजे मला.

पाऊण तासाने त्यांनी तुम्हाला पत्र्याच्या लांब थाळीत बाहेर आणलं. थाळीची धग चेहऱ्याला लागत होती. पांढरे हातमोजे घातलेल्या माणसाने आम्हाला लांब काठ्या दिल्या आणि सांगितलं, पायाकडून सुरुवात करा, दोघांनी मिळून एक हाड उचला. माझ्या जोडीला कोन्नो-सान. पायाचं एक उचललं, गुडघ्याचं एक. मग हाताचं, मनगटाजवळचं. तिथे कोन्नो-सानची काठी थांबली. त्या हातमोजेवाल्याला वाटलं, म्हाताऱ्याला पेलत नाही, म्हणून तो पुढे झाला. मी मान हलवली. आम्हाला दोघांना माहीत होतं की आम्ही कोणाचं मनगट आठवतोय.

आपली पहिली भेट भांडणाची होती. दोन हजार अकराचा मे महिना, त्सुनामीनंतरचा. फुनाबोरीच्या आम्ही बारा जणांनी बस भरून तांदूळ, डाळ, गॅसच्या शेगड्या आणल्या होत्या. किनाऱ्याजवळच्या एका शाळेत छावणी होती. मी दाराशी उभी राहून क्रमांकाच्या चिठ्ठ्या वाटत होते. तुम्ही चिखलाने भरलेले गमबूट घालून आलात आणि म्हणालात, “बाई, भुकेल्या माणसाला क्रमांक नसतो.”

मी म्हटलं, “नसला तर रांगेतल्या शेवटच्या माणसाला वरण मिळत नाही.”

“पलटणीत होतं का तुमच्या घरचं कोणी?”

“नाही. माझी आई रेशनच्या दुकानात होती.”

तुम्ही हसलात. त्या दिवसापासून मी हवालदारीणबाई.

त्याच शाळेच्या व्यायामशाळेत तुम्ही फोटो धुवायचात. समुद्राने उचलून नेलेले, मग शेतात, गटारात, छपरांवर सापडलेले फोटो. कोमट पाणी, मऊ ब्रश, मग दोरीवर चिमट्याने लटकवायचे. ज्याचे असतील त्याने ओळखून न्यायचे. विद्यापीठात आयुष्यभर धातू तपासलेला माणूस दुसऱ्यांच्या लग्नांवरचा चिखल काढत होता. एक दिवस पत्र्याचा डबा आला. आत मेणकागदात दोन वह्या. एक जपानी. दुसरी तळहाताएवढी, देवनागरीत, शिसपेन्सिलीने लिहिलेली. दहा नावं, प्रत्येकासमोर गाव, बंदुकीचा क्रमांक. जपानी वहीची शाई कडेने पसरली होती. देवनागरीतलं एक अक्षरही पुसलं नव्हतं. “ग्रॅफाइट,” तुम्ही मला फोनवर सांगितलंत, अगदी कोरड्या आवाजात. “पाण्याचं त्याला काही घेणं नसतं.” मग पान उलटल्याचा आवाज आला. मी विचारलं, काका, लाइनवर आहात ना. तुम्ही म्हणालात, “तिसरं नाव माझ्या वडिलांचं आहे.”

शिपाई धोंडीराम मोहिते. पायदळाच्या मराठा पलटणीतला, स्वखुशीने भरती झालेला.

त्या ‘स्वखुशी’वर आपण किती वेळा भांडलो. आपल्या पुस्तकासाठी मी लिहिलं होतं, पलटण पूर्णपणे स्वयंसेवकांची होती, कोणावरही सक्ती नव्हती. तुम्ही खोडलंत. “गावात दोन वर्षं पीक नाही, भरतीच्या मेजावर गूळ-शेंगदाणे ठेवलेले. याला स्वखुशी म्हणतेस?” मी म्हटलं, सक्ती नव्हती एवढंच कागदावर आहे. तुम्ही म्हणालात, मग कागदासोबत गूळ-शेंगदाणेही लिही. लिहिले. पहिल्याच पानावर आहेत.

डब्याचे मालक कोन्नो-सान सापडले ते पुढच्या महिन्यात. लाटेने त्यांचं घर पायापासून उचलून दोन शेतं पलीकडे आपटलं होतं. बायको वरच्या मजल्यावर होती. ती अकराव्या दिवशी मिळाली, घर आणि ट्रकच्या मध्ये चेंगरलेली. ते दोरीवर तिचा फोटो शोधायला आले होते आणि त्यांच्या हातात बापाचा डबा आला. त्यांचे वडील दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात लढले होते, आपल्याकडे हवालदार म्हणू अशा हुद्द्यावर. त्या डब्याला हात लावायची घरात कोणाला परवानगी नव्हती. तुम्ही त्यांना जपानीत सांगितलंत, छोटी वही माझ्या वडिलांच्या तुकडीची आहे. कोन्नो-सान वाकले ते वर येईनात. शेवटी तुम्हीच त्यांना खांद्याला धरून उभं केलंत.

मग सात वर्षं, महिन्याचा एक रविवार, तुमच्या दोन खोल्यांच्या घरात. कोन्नो-सानच्या वडिलांचं मोडकं जुनं अक्षर फक्त त्यांनाच लागायचं. ते वाचायचे, तुम्ही मराठीत सांगायचात, मी टाइप करायचे. पलटणीचा सगळा प्रवास असा गोळा झाला: बेळगावचं कवायतीचं मैदान, आगगाडी, डास, मग नदीच्या दोन्ही काठांवरची मारामारी. मी एक तक्ता केला. तारीख, जागा, आपल्या बाजूचा कागद काय म्हणतो, त्यांच्या बाजूचा काय म्हणतो. जुळलं की हिरवं. नाही जुळलं की लाल. तुम्ही त्या तक्त्याला कधी हात लावला नाहीत. “तुझी कवायत तू कर,” म्हणायचात.

नवव्या प्रकरणाचा रविवार मला जसाच्या तसा आठवतो. केतकीने त्या दिवशी पोहे केले होते आणि ते थंड झाले.

कोन्नो-सानने आधी विचारलं, “मोहिते-सान, सगळं वाचू?”

तुम्ही म्हणालात, “सगळं.”

आधी झोपडी आली. नाल्याकाठची, बांबूची, पानांनी शाकारलेली. आत कोन्नोंच्या तुकडीचे तापाने आणि हगवणीने पडलेले लोक. नाईक बाबू शेडगेच्या तुकडीने दोन बाँब आत टाकले. जे रांगत बाहेर आले त्यांना दारातच संगिनीने परत आत ढकललं. पाचोळा वाळलेला होता, तो पेटला. हवालदार कोन्नो नाल्यापलीकडून बघत होता. त्याने लिहिलं होतं, ओरडणं थांबल्यावरही कातडीचा आवाज येत होता.

तुम्ही वाक्य मराठीत सांगितलंत. मी टाइप केलं. आपल्या माणसांचं होतं ते. तुम्ही म्हणालात, “पुस्तकात घ्यायचं नाही असं काही असेल तर आत्ता बोला.” कोन्नो-सानने पान उलटलं.

मग टेकडी. झोपडीनंतर दोन दिवसांनी. शेडगेच्या दहा जणांना वर गाठलं. सकाळभर चाललं. काडतुसं संपल्यावर दगड, फावडी, बंदुकीचे दस्ते. एकाचा जबडा फावड्याने निघाला आणि तो तसाच दुसऱ्याच्या गळ्याला लोंबकळत राहिला, असं आहे. पाच जण वरच मेले. पाच जिवंत धरले गेले, त्यांत नाईक आणि तुमचे वडील. त्यांचे हात टेलिफोनच्या तारेने मागे बांधले. हवालदार कोन्नोला माघारीचा हुकूम आला होता. त्याच्या वहीत तीन ओळी आहेत. कैदी नेता येणार नाहीत. गोळी वापरायची नाही, आवाज होईल. नावानिशी नोंद करायची.

नावानिशी. इथे कोन्नो-सानने चष्मा काढून पुसला. तुम्ही त्यांना पाणी दिलंत आणि ते पुढे वाचत गेले.

नाईकाच्या खिशातून हजेरीची वही निघाली होती. हवालदाराला अक्षर वाचता येत नव्हतं. म्हणून त्याने वही शेडगेच्याच तोंडासमोर धरली आणि खुणेने सांगितलं, वाच. शेडगेने स्वतःचं पहिलं नाव सोडून दुसऱ्यापासून सुरुवात केली. तो नाव घ्यायचा, तो माणूस उठायचा, त्याला नाल्याकडे न्यायचे. तिथे दोन नवी पोरं संगीन घेऊन उभी होती आणि त्यांचा घाव नीट बसत नव्हता, म्हणून वेळ लागत होता. परत येऊन हवालदार त्या नावापुढे तांबड्या पेन्सिलीने गोल काढायचा. वर मेलेल्यांची नावं शेडगे मान हलवून दाखवायचा, त्यांच्यापुढे फुली. शेवटी त्याने स्वतःचं नाव वाचलं आणि चालत गेला. मागे एक जण उरला. त्याला न्यायला वळले तर तार जमिनीवर पडलेली आणि माणूस बांबूच्या बेटात. त्याच्यामागे जायला वेळ नव्हता.

खाली एक ओळ: “त्यांच्या नाईकाने तिसरं नाव वाचलंच नाही. हे मला गोल मोजताना कळलं.”

तुम्ही छोटी वही पुढे ओढलीत. पाच फुल्या, चार गोल, तिसरं नाव कोरं. इथे शाळेतही बरोबर उत्तराला बाई गोल काढतात. गोल नीट होते, काका. सगळे एका मापाचे, प्रत्येक नावापासून सारख्या अंतरावर. मी ते बघत होते आणि माझ्या मांडीवर माझा तक्ता उघडा होता. त्यानंतर दोन महिने मी कशालाही रंग दिला नाही. तुमच्या लक्षात आलं होतं.

तुमच्या वडिलांनी पलटणीत परत जाऊन सांगितलं, सगळे लढता लढता गेले. पलटणीच्या छापील इतिहासात तेच एक वाक्य आहे. “शेवटच्या माणसापर्यंत टेकडी लढवली.” घरी त्यांनी काहीच सांगितलं नाही. त्यांच्या मनगटांवरचे वळ तुम्ही लहानपणी बैलाच्या दाव्याचे समजत होतात.

नाईकाने तुमच्या वडिलांचं नाव चुकून गाळलं की मुद्दाम? यावर आपण शेवटपर्यंत भांडलो. तुम्ही म्हणायचात, चुकून. समोर माणसं भोसकली जात आहेत, डोळ्यांत घाम आहे, वही दुसऱ्याच्या हातात आहे, एखादी ओळ सुटते. मी म्हणायचे, नाही. ती यादी त्याने स्वतः केलेली होती. सकाळ-संध्याकाळ तो तीच हजेरी घेत होता. स्वतः केलेल्या यादीतलं तिसरं नाव सुटत नसतं, काका. चुकून सुटतं ते मधलं, सातवं, आठवं. तिसरं तोंडात बसलेलं असतं. दुसरं म्हणताच तिसरं जिभेवर येतं, ते गिळावं लागतं.

“तुला माहीत नाही,” तुम्ही म्हणायचात.

“यादीतलं मला माहीत आहे. तेवढंच माहीत आहे मला.”

तुम्हाला ते चुकून हवं होतं. मुद्दाम असेल तर तुमचा जन्म त्या गिळलेल्या नावावर उभा होता. आणि त्यापुढची गोष्ट तुम्हाला हौसाआक्कांना सांगावी लागली असती.

हौसाआक्का म्हणजे नाईक बाबू शेडगेची एकुलती मुलगी. वहीतल्या गावाच्या नावावरून चार वर्षांपूर्वी मीच त्यांना शोधून काढलं. पहिल्याच फोनवर त्यांनी सांगितलं, लढाई संपल्यावर एक गडी घरी आला होता. “पानी पेला. भाकरी न्हाय खाल्ली. बोलला काय न्हाय, नुसतं मनगाट चोळत बसला हुता. आय म्हनली, थंडी वाजती का रं दादा? तरी चोळतच. मी पाच वर्साची हुते, पर ते हात माज्या डोळ्यांम्होरनं गेलं न्हाईत.” मग त्यांनी विचारलं, “मला येकच सांगा. माज्या बाचं हात मोकळं हुतं का?”

‘तो गडी माझा बाप होता,’ एवढंही तुम्ही त्यांना सांगितलं नाहीत. म्हणालात, “आक्का, कागद तपासतोय. पुढच्या रविवारी सांगतो.”

चार वर्षं दर रविवारी तुम्ही त्यांना फोन केलात. त्यांच्या म्हशीला रेडी झालेली तुम्हाला ठाऊक, त्यांच्या गुडघ्याच्या गोळ्यांची नावं तुम्हाला पाठ. तो प्रश्न त्यांनी कधी सोडला नाही आणि उत्तर तुम्ही कधी दिलं नाहीत. तक्त्यात ओळ एकतीस. “आक्कांना उत्तर देणे. कोणी: मोहिते. कधी: पुढचा रविवार.” बाकी सगळं हिरवं झालं. झोपडी हिरवी, टेकडी हिरवी. पुस्तकात तुम्ही बापाचं नाव घालून सगळं लिहिलंत, एक शब्द न गाळता. फोनवर मात्र तुमची जीभ उचलायची नाही.

ऑक्टोबरात मी ती ओळ बंद केली. आक्कांचा फोन मला आला. गावात शाळेपुढे त्यांच्या वडिलांच्या नावाचा दगड बसवायचं ठरलं होतं, प्रजासत्ताकदिनाला. पाथरवटाला मजकूर द्यायचा होता. “मोहितेसायब बोलत्यात निस्तं, सांगत न्हाईत. तुमी सांगा, मेधाताई. हात मोकळं हुतं?” मी ऑफिसात होते, दहा मिनिटांत मीटिंग होती. मी म्हटलं, हो आक्का, मोकळे होते. हातात बंदूक होती. लढता लढता गेले.

त्यांनी ‘हातात बंदूक’ एवढं माझ्यामागून म्हटलं. मग म्हणाल्या, “बरं. तसं लिवतो मग.”

मला वाटलं, सत्त्याहत्तर वर्षांच्या बाईला मी सुखाची झोप दिली. ओळीला हिरवा रंग दिला आणि मीटिंगला गेले.

पुढच्या रविवारी मी तुमच्याकडे आले तेव्हा कोन्नो-सान आले नव्हते. तुम्ही चहा केला होता. लॅपटॉप उघडा होता.

“एकतीस हिरवी का आहे?”

मी सांगितलं.

तुम्ही खूप हळू बोललात. “सत्तर वर्षं त्या बाईने एक गोष्ट पाहिलेली आहे. तिच्या आईने पाहिली नाही, गावाने पाहिली नाही, पाच वर्षांच्या पोरीने पाहिली. खरी होती ती. आणि तू तिला सांगितलंस की तिनं पाहिलं ते काहीच नव्हतं.”

“तुम्ही सांगणार होतात का कधी?”

“सांगणार होतो.”

“कधी? पुढच्या रविवारी?”

तुम्ही चहाचा कप उचललात. मी तेव्हा थांबायला हवं होतं. मी थांबले नाही. मी म्हटलं, “तुमचा बाप पळाला आणि तिच्या घरी पाणी पिऊन गप्प बसला, हे सांगायची तुम्हाला लाज वाटते. म्हणून चार वर्षं तुम्ही त्या म्हातारीला टांगून ठेवलंत. त्यानंही तेच केलं होतं.”

कप माझ्या कानाजवळून गेला आणि भिंतीवर फुटला. सात वर्षांत तुम्ही आवाज चढवलेला मी ऐकला नव्हता. आपण दोघेही त्या भिंतीकडे बघत राहिलो. चहा खाली ओघळत होता. डाव्या हाताने तुम्ही उजवं मनगट धरलं होतं. मग तुम्ही फडकं आणायला गेलात आणि मी बूट घातले.

त्या आठवड्यात तुमचा एक संदेश आला. “ओळ ३१ मी उघडली आहे.” बघितलं तर खरंच, तुम्ही पहिल्यांदा तक्त्याला हात लावला होता. लाल करायचं कुठे असतं ते सापडलं नसणार. तुम्ही सबंध ओळ गुलाबी केली होती. मी हसले आणि उत्तर दिलं नाही. मी रागात होते. पुढच्या महिन्याच्या रविवारी समोरासमोर बोलू असं ठरवलं होतं. तो रविवार आजचा.

बुधवारी सकाळी स्वयंपाकघरात तुम्ही पडलात. केतकी म्हणाली, फार वेळ लागला नसावा. मला ते बरं वाटतं आणि मी ते तपासलेलं नाही.

आज रविवार. हे तुमच्या घरात बसून लिहिते आहे. आपल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुमच्यावर लिहून द्या असं सांगितलंय आणि मुदत महिनाअखेरची आहे. अस्थींचं भांडं टेबलावर आहे. जड आहे, इथे माणूस सगळाच्या सगळा परत देतात. घर दोन आठवड्यांत रिकामं करायचं, होतं तसं करून द्यायचं. घरमालकीणबाई सकाळी येऊन भिंतीवरचा चहाचा डाग बघून गेल्या. मी माफी मागायला लागले. त्या म्हणाल्या, “राहू दे. मोहिते-सान मला म्हणाले होते, हा डाग माझा आहे, मी काढीन.” तीन आठवडे तुम्ही तो काढला नव्हता. मीही काढलेला नाही.

मग कोन्नो-सान आले. छोटी वही त्यांनी रुमालात बांधून आणली होती. त्यांनी ती माझ्यासमोर दोन्ही हातांनी ठेवली. म्हणाले, “ही शेडगे-सानच्या मुलीची आहे. माझ्या वडिलांनी ती घेतली होती. मोहिते-सान डिसेंबरात घेऊन जाणार होते.”

“डिसेंबरात?”

“तिकीट काढलं होतं त्यांनी. फोनवर जमत नाही, म्हणाले. घरी जाऊन, पाणी पिऊन सांगतो.”

मला हे माहीत नव्हतं, काका. तुम्ही ओळ उघडलीत ती नुसती माझ्यावर रागावून नव्हे. तुम्ही जाणार होतात. त्याच उंबऱ्यात बसणार होतात आणि यावेळी बोलणार होतात. आणि मी तुम्हाला म्हटलेलं ते शेवटचं वाक्य परत घ्यायला आता जागा नाही. चुकलं माझं. हे एवढंसं आहे. भिंत ऐकते आहे.

तुमच्यामुळे मला काय काय मिळालं त्याची यादी करणार नाही, तुम्हाला आवडणार नाही. एकच सांगते. तुम्ही भेटण्याआधी मला वाटायचं की ओळीला रंग दिला की गोष्ट संपते.

मघाशी दीड वाजता तुमचा फोन वाजला. पडद्यावर ‘आक्का’. तिकडे सकाळचे दहा, धारा काढून झाल्यावर तुम्ही करायचात ती वेळ. तुम्ही केला नाहीत म्हणून त्यांनी केला. मी वाजू दिला. दोनदा वाजला. कोन्नो-सान फोनकडे बघत होते, मग उठून मुद्दाम बाल्कनीत गेले आणि काच ओढून घेतली.

पाथरवट शुक्रवारी येणार आहे. “हाती बंदूक घेऊन लढता लढता” एवढी अक्षरं तो कोरायला घेईल. त्याआधी सांगायला हवं. तुम्ही गेलात हे. मी खोटं बोलले हे. मनगट चोळणारा गडी कोण होता हे. झोपडीचंही सांगायला हवं, ते गाळून बाकीचं सांगता येणार नाही. हात बांधलेले होते, मागे, तारेने. त्यांनी पाचव्या वर्षी बघितलं ते बरोबर होतं. आणि बांधलेल्या हातांनी, तोंडासमोर धरलेल्या वहीतून, त्यांच्या वडिलांनी एक नाव वाचलं नाही. तुम्ही चुकून म्हणायचात तेही मी सांगेन. मग माझं मत सांगेन.

मी कागद घेतला आणि क्रमाने लिहायला बसले. पहिलं वाक्य झालं आहे: “आक्का, मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं.” दुसरं चार वेळा खोडलं. तुम्ही ते कसं म्हणणार होतात, मला माहीत नाही. तुम्ही पाणी पिऊन म्हणणार होतात.

तक्ता उघडला आहे. एकतीसमध्ये ‘कोणी’ या रकान्यात तुमचं नाव होतं, तिथे माझं घातलं. ‘कधी’मधला ‘पुढचा रविवार’ पुसला. ओळ तुम्ही केलीत तशी गुलाबीच ठेवली आहे.

बाल्कनीत कोन्नो-सान पाठमोरे उभे आहेत. फोन टेबलावर आहे, तुमच्या भांड्याजवळ. मी अजून उचललेला नाही.